घरी काचेचे मणी बनवताय? मोजणी दुसऱ्या दिवशी करा!

काचेच्या मण्यांचा व्हिडिओ बघून काही ताई-दादांचा टॉर्च घ्यायचा विचार पक्का होत आला असेल. पैसे टाकण्याआधी पाच मिनिटं हिशोब करू या.

आधी काम समजून घ्या. स्टीलच्या बारीक सळईला मातीचा लेप देऊन वाळवायचा. मग ज्योतीत काचेची कांडी वितळवून सळईवर गुंडाळायची, सळई सतत फिरवत ठेवायची. लेपामुळे मणी नंतर सुटतो आणि ओवायला भोक मिळतं.

मणी दिसायला तयार झाला, पण विकायला नाही! काच बाहेरून लवकर थंड होते, आतून उशिरा. त्या ताणाने मणी तडकतो. कधी लगेच, कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात. म्हणून छोट्या इलेक्ट्रिक भट्टीत, सोडा काच असेल तर साधारण ५०० अंश सेल्सिअसला ठेवून, हळूहळू थंड करायचा. सोडा काच आणि बोरोसिलिकेट एकाच मण्यात मिसळू नका. दोन्हींचं प्रसरण वेगळं असतं, भट्टीत ठेवूनही मणी फुटतो.

आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही, हे मान्य. पण वारा थेट ज्योतीवर नको. एक्झॉस्ट फॅन मात्र हवाच, आणि डोळ्यांना डिडिमियमचा चष्मा. गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्या; घरगुती १४.२ किलोचा धंद्याला चालत नाही. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल-ग्रीस लावायचं नाही, आग लागते.

आता पैसे. समजा, दोन तासांत १२ मणी झाले. तुमची मजुरी २०० रुपये. काच, गॅस, वीज मिळून ८० रुपये. एकूण २८०. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर १० चांगले, २ तडकलेले. मग एक मणी २८ रुपयांना पडला, २३ ला नाही. धंदा इथेच बसतो किंवा उठतो.

सुट्या मण्यात पडू नका. फिरोजाबाद, पुरदिलनगर, वाराणसी इथे हा माल वर्षानुवर्षं बनतो. किलोच्या भावात आपण टिकणार नाही. मंगळसूत्राची बारीक काळी पोतही आपलं काम नाही. ते मणी काचेची लांब नळी ओढून, तिचे तुकडे करून बनतात.

आपण जोडी विकायची. कानातल्याचे दोन मणी ५६ रुपये, हूक आणि डबी २४, म्हणजे ८०. दुकानदाराने ३० टक्के घेतले आणि किंमत १८० ठेवली, तर हातात १२६ येतात. मजुरी सुटून वर ४६ उरले.

म्हणून भट्टीसाठी सोनं गहाण ठेवण्याआधी एक काम करा. कुठूनही दहा हस्तनिर्मित मणी विकत आणा, पाच जोड्या बनवा आणि फुले मार्केट किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या दुकानात दाखवा. दुकानदाराने पैसे देऊन परत मागितल्या, तरच टॉर्च घ्या. नुसतं "छान आहे" म्हणाला, तर पैसे खिशातच राहू द्या.