दाढ दुखायची थांबली, मग कॅप कशाला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी. विषय आहे दाताची कॅप. डॉक्टर तिला क्राऊन म्हणतात.

आधी आपलं नेहमीचं गणित बघू. दाढ ठणकायला लागते. सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर. एसटीनं जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला, रोज बुडाला तो वेगळाच. एक-दोन फेऱ्यांत रूट कॅनल होतं, ठणका थांबतो. डॉक्टर सांगतात, "आता कॅप बसवायला या." आपण म्हणतो, दुखत नाही ना, मग बघू पुढे! पुष्कळ दाढा इथेच हातच्या जातात.

असं का होतं? रूट कॅनलमध्ये दाताच्या आतली खराब झालेली नस काढून पोकळी भरतात. पण किडीनं दाताचा बराच भाग आधीच खाल्लेला असतो. उरतात त्या पातळ भिंती. नागलीची भाकरी चालून जाते; पण कडक सुपारी किंवा भाजलेला हरभरा दाताखाली आला की भिंत चिरू शकते. चीर मुळात उतरली तर दाढ बहुधा काढावीच लागते. कॅप या भिंतींना चारही बाजूंनी आवळून धरते, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तशी.

कॅप बसवायला साधारण दोन फेऱ्या लागतात. पहिल्या वेळी दात चहूबाजूंनी थोडा घासून माप घेतात आणि बऱ्याचदा तात्पुरती कॅप लावतात. ती असेपर्यंत चिक्की, च्युइंगगम, चिकट गोळ्या बंद. लॅबमधून पक्की कॅप आली की ती सिमेंटनं चिकटवतात. धातूची कॅप मजबूत आणि सहसा स्वस्त. दाताच्या रंगाची हवी तर धातूवर सिरॅमिक किंवा झिर्कोनिया. आतल्या दाढेला धातूची बसवली तरी काही बिघडत नाही. चावताना कॅप उंच लागत असेल तर तिथेच सांगा, लगेच घासून देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅपला कीड लागत नाही, पण कॅपखालचा दात तुमचाच आहे, त्याला लागते. कॅपची कड हिरडीजवळ जिथे संपते, तिथून ती आत शिरते. आणि नस काढलेली असल्यामुळे कीड लागली तरी ठणका येत नाही! म्हणून दुखण्याची वाट बघू नका, सहा महिन्यांनी दाखवत जा.

रोज काय करायचं? मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. कॅपच्या कडेवरून ब्रश हलक्या हातानं फिरवा. दोन दातांमध्ये फ्लॉस घाला. मशेरी नको, त्यात तंबाखू आहे, हिरड्यांची वाट लागते. बाटलीचं झाकण दातानं उघडायचं नाही, सुपारी फोडायची नाही. नीट जपली तर कॅप १०-१५ वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकते.

कॅप निघाली तर? फेकू नका आणि फेविक्विक तर अजिबात लावू नका. धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूनं चावू नका आणि दोन-चार दिवसांत डॉक्टरांना गाठा. बरेचदा तीच कॅप परत बसते.

खर्चाची चिंता असेल तर नाशिकला पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च सहसा खाजगीपेक्षा कमी येतो. द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलात की नाशिक जवळच असतं. कॅपची फेरी तेव्हाच जमवा. रूट कॅनल करायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, "कॅपसकट एकूण किती फेऱ्या, किती पैसे?"

घरात कुणाचं रूट कॅनल होऊन कॅप राहिली असेल, तर हा भाग त्यांना आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!