फायलीचे पान कसे होते?

संगणकाच्या आज्ञावलीने कसे वागावे, हे ‘कालमर्यादा = ३०’ अशा ओळींनी ‘आयएनआय’ फायलीत लिहितात. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या विकी पद्धतीच्या पानावर ही माहिती हाताने उतरवली, तर फाईल बदलते, पान मात्र जुनेच राहते! म्हणून हे काम दुसऱ्या छोट्या आज्ञावलीवर सोपवतात. ती चौकोनी कंसातील नावांचे मथळे करते; इतर ओळी पहिल्या ‘=’ चिन्हाशी तोडते. पहिल्याच का? पुढच्या मजकुरातही ते चिन्ह असू शकते! मग मीडियाविकीच्या रीतीने ‘{|’ने तक्ता उघडते, ‘|-’ने नवी ओळ, ‘|’ने रकाना मांडते आणि ‘|}’ने तक्ता मिटते. परवलीचे शब्द मात्र आधी गाळावेत. पान अनेकांच्या नजरेस पडते.