संगणकांची सोयरीक – भाग ९ : पासवर्ड न मागणारा फोल्डर

मागच्या आठवड्यात लिनक्सच्या मशीनवर आपण तिथले फोल्डर विंडोजला दाखवणारं सांबा बसवलं. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुरुवातीला हे काम लोकांसमोर ठेवलं, तेव्हापासून युनिक्स आणि विंडोजचा संसार त्याच्यावर चालला आहे. आज त्यातली नेहमीची तक्रार: पासवर्ड न मागणारा फोल्डर कालपर्यंत उघडत होता, आज उघडत नाही.

उदाहरणाला काशी घेऊ. अमृतराव पेशव्यांनी बांधलेल्या राजा घाटामागच्या एखाद्या मराठी घरात जुन्या पोथ्या स्कॅन होत आहेत, असं धरा. पानं साठतात लिनक्स सर्व्हरवर, तपासणारी मंडळी विंडोजवर. कुणाचं अडू नये म्हणून फोल्डर 'गेस्ट'ला मोकळा ठेवलेला. काशीच्या अन्नछत्रात पंगतीला बसणाऱ्याचं नाव विचारत नाहीत, तसाच.

आधी सर्व्हर तपासा. सांबाच्या सेटिंग फाइलमध्ये फोल्डरच्या नोंदीत 'गेस्ट ओके = येस' लिहून भागत नाही; वरच्या 'ग्लोबल' भागात 'मॅप टू गेस्ट = बॅड युजर' हवं, कारण मुळात ते 'नेव्हर' असतं. इथे एक खोच आहे, आणि माणसं तासन् तास अडकतात ती इथेच. विंडोज गुपचूप आधी स्वतःचं लॉगिन नाव पुढे करतं. ते सर्व्हरला अनोळखी असेल तर पाहुणा म्हणून प्रवेश मिळतो. पण त्याच नावाचा सांबा वापरकर्ता सर्व्हरवर असेल आणि पासवर्ड जुळला नाही, तर सरळ नकार! म्हणून एकाच घरात एका मशीनवर फोल्डर उघडतो, शेजारच्यावर नाही.

नंतर परवानग्या. पाहुणा आत वावरतो 'नोबडी' या खात्याने. त्याला शेवटच्या फोल्डरवरच नव्हे, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून पुढे जाण्याची मुभा लागते. पोथ्या कुणाच्या 'होम'मध्ये ठेवल्या असतील तर बहुधा तिथेच वाट अडते. सांबाचं 'टेस्टपार्म' चालवलं की सेटिंगमधल्या लिहिण्याच्या चुका कळतात. परवानग्या मात्र हातानेच पाहाव्या लागतात.

एवढं करूनही विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीवर दार उघडणार नाही. तिथे प्रत्येक निरोपावर डिजिटल सही सक्तीची आहे. सहीची किल्ली तयार होते पासवर्डातून, आणि पाहुण्याकडे पासवर्डच नसतो. उपाय म्हणून सही बंद करा आणि असुरक्षित गेस्ट चालू करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. या सेटिंगा त्या एका फोल्डरपुरत्या नसतात. ते मशीन पुढे ज्या ज्या सर्व्हरशी बोलेल, तिथे सहीची सक्ती उठते. मधल्या मध्ये कुणी फाइल बदलली तरी कळणार नाही.

पासवर्ड नसणं वेगळं आणि तो रोज टाइप करावा न लागणं वेगळं. आपल्याला हवं असतं ते दुसरं. सर्व्हरवर या कामापुरतं एक खातं उघडा, 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' ने त्याला पासवर्ड द्या, फोल्डरच्या नोंदीत 'गेस्ट ओके'ची ओळ काढून 'व्हॅलिड युजर्स'मध्ये ते नाव लिहा. मग विंडोजच्या क्रेडेंशियल मॅनेजरमध्ये सर्व्हरचं नाव, खातं आणि पासवर्ड एकदाच साठवा. पुन्हा विचारणा होत नाही. १२१९ ही चूक आली तर जुनी जोडणी शिल्लक आहे असं समजा. एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन नावांनी जोडलेलं विंडोजला चालत नाही. 'नेट यूज' ने ती तोडा.

तुमच्याकडे गेस्टला लिहिण्याची मुभा दिलेला फोल्डर असेल, तर पुढच्या भागाची वाट न पाहता ती मुभा आजच काढा.