भोके किती, यापेक्षा दिसले काय?

पित्ताशयाचे दुर्बिणीतून ऑपरेशन ठरले, की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘भोके किती पाडणार?’ चार, तीन, की बेंबीतून एकच? या पद्धतींची तुलना करू पाहणाऱ्याला हा प्रश्न दुय्यम आहे, असे माझे मत झाले आहे.

कार्ल लांगनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिनला पोट उघडून पहिले पित्ताशय काढले. १९८५ मध्ये जर्मनीतच बोब्लिंगन येथे एरिश म्यूहे यांनी तेच काम दुर्बिणीतून केले, आणि सहव्यावसायिकांनी त्यांची टिंगल केली. पुढे पाच वर्षांतच, १९९० मध्ये, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया मुंबईत केली. रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जाऊ लागले.

मात्र एक इजा वाढली. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नलिका चुकून कापली जाण्याचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत हजारी एक-दोन होते. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काळात ते सुमारे चार-पाचांवर गेले. ही नलिका जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद. ती कापली गेली, तर आतड्याचा भाग वर आणून यकृताजवळ जोडावा लागतो आणि रुग्णावर पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते.

असे का होते? लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा २५२ इजा तपासल्या. बहुतेक ठिकाणी हात चुकला नव्हता, डोळा फसला होता. पित्ताशय वर ओढले, की त्याची छोटी नळी आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात. पडद्यावर दोन्ही मिळून एकच नळी दिसते. नरसाळ्यासारख्या निमुळत्या टोकावरून नळी ओळखण्याची जुनी रीत सूज असताना इथेच दगा देते.

स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली रीत वेगळी आहे. पित्ताशयाची मान बाहेरच्या बाजूला ओढून तिथल्या त्रिकोणातली चरबी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटा करायचा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी व एक धमनी, दिसेपर्यंत काहीही कापायचे नाही. एकछिद्री पद्धतीत अवजारे एकमेकांना अडतात, त्यामुळे हे दृश्य मिळवणे अवघड जाते. शिवाय बेंबीशी हर्निया होण्याचा धोका वाढतो. मिळते काय, तर व्रण झाकला जातो.

हे दृश्य मिळालेच नाही तर? पोट उघडता येते. किंवा पित्ताशय अर्धवट कापून, खडे काढून, नळीजवळचा भाग तसाच ठेवता येतो. त्यातून काही दिवस पित्त झिरपू शकते, उरलेल्या भागात पुन्हा खडेही होऊ शकतात. पण मुख्य नलिका शाबूत राहते. संमतिपत्रावरचे ‘गरज पडल्यास पोट उघडू’ हे वाक्य वाचून नातेवाईक घाबरतात. ते वाक्य असते ते याच प्रसंगासाठी.