फोनची आज्ञावली पुन्हा बसेना, तर

जबलपूर जिल्ह्यातील सिहोऱ्यात एखाद्या घरी आयफोनची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, नव्याने बसवीत असता काम मध्येच थांबले, की फोन कायमचा गेला असे वाटू लागते. वस्तुतः तसे असतेच असे नाही. मोठी आज्ञावली पुसली गेली, तरी फोनला जागे करणारी पहिली लहान आज्ञावली चिपमध्येच कोरलेली असते; ती पुसता येत नाही. म्हणूनच फोन संगणकाशी पुन्हा जोडता येतो.

दोष पुष्कळदा बाहेर असतो. संगणकाच्या पडद्यावर 9, 4005, 4013 किंवा 4014 हा अंक उमटल्यास दोन्ही यंत्रांमधील संबंध तुटला असे समजावे. प्रथम संगणक अद्ययावत करावा, मग केबल व जोडणीची जागा बदलून पाहावी.

इंटरनेट मंद असल्यास निराळीच अडचण येते. आज्ञावली उतरण्यास 15 मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर फोन ‘रिकव्हरी मोड’मधून बाहेर पडतो. अशा वेळी ती पूर्ण उतरू द्यावी आणि फोन पुन्हा त्या अवस्थेत आणावा. एवढे करूनही यश न आल्यास यंत्रातच बिघाड असण्याचा संभव असतो. मग तो जाणत्या कारागिराकडे न्यावा.

या क्रियेत फोनमधील छायाचित्रे व मजकूर पुसला जातो. आधी घेतलेली प्रत असेल, तरच तो परत मिळतो. यास्तव फोन सुस्थितीत असतानाच ती प्रत काढून ठेवावी.