अटक माणसाची, झडती वाहनाची

दोन वेगळे अधिकार

पुणे–बंगळूर महामार्ग शिरवळपाशी सातारा जिल्ह्यात शिरतो आणि कराडनंतर कासेगाव, पेठ नाका असा सांगली जिल्ह्यातून कोल्हापूरकडे जातो. या पट्ट्यात नाकाबंदीत संशयित पकडला जातो, तेव्हा बहुधा त्याचे वाहनही पोलिसांच्या हाती येते. कायदा मात्र माणूस आणि वाहन यांत भेद करतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९ अटक झालेल्याच्या अंगझडतीपुरते आहे. वाहन येते ते ‘ठिकाण’ या शब्दाच्या व्याख्येतून. तीत घर, इमारत, तंबू यांच्या जोडीला वाहनही आहे. त्यामुळे तपासासाठी मोटारीची डिकी उघडताना घरझडतीचेच नियम लागू होतात.

कारणाची नोंद

कलम १८५ नुसार तपास अधिकारी वॉरंटाशिवाय झडती घेऊ शकतो. मात्र कोणती वस्तू शोधायची आहे आणि ती अन्य मार्गाने विनाविलंब का मिळणार नाही, हे त्याने लेखी नोंदवावे लागते. नोंदीची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे जाते. अटक हा या कारणाचा एक भाग असू शकतो, संपूर्ण कारण नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये गँट खटल्यात जवळपास हाच विचार मांडला : चालक मोटारीपर्यंत पोहोचू शकत नसेल आणि अटकेच्या गुन्ह्याचा पुरावा आत असण्याची शक्यता नसेल, तर केवळ अटकेच्या बळावर झडती घेता येत नाही.

पंच आणि पंचनामा

कलम १०३ परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित व्यक्तींची उपस्थिती मागते. वस्तीत हे सोपे आहे. खंबाटकी घाटात मध्यरात्री पंच मिळवणे अवघड. परिसरात कोणी मिळत नसल्यास वा तयार नसल्यास अन्य ठिकाणचे पंच चालतात. वस्तू डॅशबोर्डमध्ये होती, सीटखाली होती की चोरकप्प्यात, हे पंचनाम्यात नेमके हवे. कारण ती आरोपीला माहीत होती का, हा प्रश्न पुढे त्या जागेवरूनच सुटतो. वाहनात चौघे असतील तर हा तपशील अधिकच निर्णायक ठरतो. कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही बंधनकारक केले आहे. पंच न्यायालयात फितूर होण्याचा जुना धोका त्यामुळे कमी व्हावा.

अमली पदार्थांचे प्रकरण

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे नियम अधिक कठोर आहेत. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा कलम ५० मधील हक्क केवळ अंगझडतीला लागू होतो. पिशवीला नाही, वाहनालाही नाही. सार्वजनिक रस्त्यावर उभी असली तरी खासगी जीप ‘सार्वजनिक वाहन’ होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बूटा सिंग खटल्यात ठरवले. अशा वेळी कलम ४२ लागू होते : मिळालेली खबर लिहून घ्यावी आणि ७२ तासांत वरिष्ठांना कळवावी. त्या खटल्यात हे पाळले गेले नव्हते, आरोपी सुटले.

सदोष झडती

इतर गुन्ह्यांत नियमभंगामुळे पुरावा आपोआप बाद होत नाही; सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या पूरनमल निकालापासून ही भूमिका कायम आहे. झडतीतील दोष पुराव्याचे वजन घटवतो.

जप्त वाहन

पोलीस ठाण्याच्या आवारात गंजणारी वाहने ओळखीची आहेत. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सविस्तर पंचनामा व छायाचित्रे घेऊन, पुरेसे बंधपत्र आणि जामीन घेऊन वाहन मालकाला लवकर परत द्यावे. खटल्यात ती छायाचित्रे वाहनाच्या जागी पुरावा म्हणून वापरता येतात.