भयपटाचा दुसरा निवाडा

मोठ्या चित्रसंस्थांच्या भांडवलाशिवाय तयार झालेल्या भयपटांच्या वाट्याला प्रदर्शनाच्या वेळी उपेक्षा किंवा धिक्कार आणि काही वर्षांनी अभिजाततेची मोहोर, असा क्रम वारंवार आलेला दिसतो. मधल्या काळात मोजक्या पण निष्ठावान प्रेक्षकांनी पुनःपुन्हा पाहून जिवंत ठेवलेल्या चित्रपटाला ‘कल्ट’ चित्रपट म्हणतात. या बदलाचे श्रेय बहुधा पालटलेल्या अभिरुचीला दिले जाते. परंतु चित्रपट कोणत्या प्रतीतून, केव्हा आणि कोणासमोर आला, यावरही समीक्षेचा निवाडा तितकाच अवलंबून असतो.

जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हे याचे ठळक उदाहरण होय. पिट्सबर्ग परिसरात जाहिरातपट करणाऱ्या मंडळींनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये हा कृष्णधवल चित्रपट पूर्ण केला आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये तो प्रदर्शित झाला. प्रेक्षकांच्या वयानुसार चित्रपटांचे वर्गीकरण करणारी अमेरिकी पद्धत पुढच्याच महिन्यात लागू झाली; त्यामुळे दुपारच्या खेळांना लहान मुलेही येऊन बसत. ‘व्हरायटी’ या नियतकालिकाने चित्रपटावर कठोर टीका केली, तर समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्या १९६९ मधील लेखाचा रोख चित्रपटाच्या गुणदोषांपेक्षा मुलांना आत सोडणाऱ्या व्यवस्थेवर अधिक होता. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच वर्षी, ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने साकारलेला नायक पुन्हा उठलेल्या प्रेतांच्या तावडीतून वाचून अखेरीस सशस्त्र गोऱ्या जमावाच्या गोळीने मरतो, या शेवटाचा राजकीय अर्थ समीक्षेत हळूहळू ठळक होत गेला.

या पुनर्विचाराला एका कायदेशीर चुकीने मोठा हातभार लावला. वितरकाने चित्रपटाचे नाव बदलताना शीर्षकाच्या पाटीवरील स्वामित्वहक्काची सूचना गळाली आणि तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला, म्हणजे तो कोणालाही मानधन न देता दाखवता येऊ लागला. निर्मात्यांचे उत्पन्न बुडाले, पण मध्यरात्रीचे खेळ, दूरचित्रवाणी आणि पुढे व्हिडिओ कॅसेट यांतून चित्रपट सर्वदूर पोहोचला. मात्र अनेकांनी पाहिल्या त्या प्रतीच्या प्रती, धूसर आणि काळवंडलेल्या; मूळ छायाचित्रणातील प्रकाशछायेची रचना २०१६ मधील जीर्णोद्धारित प्रतीतून नीट दिसू लागली.

हर्क हार्वी यांच्या ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’चा (१९६२) प्रवासही याच वाटेने झाला. कॅन्ससमधील लॉरेन्स येथे शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट करणाऱ्या हार्वी यांनी हा एकच कथापट दिग्दर्शित केला. त्यांनी युटामधील खाऱ्या सरोवराकाठचे ओस पडलेले सॉल्टएअर हे करमणूक केंद्र वापरले आणि पाठलाग करणाऱ्या फिकट चेहऱ्याच्या पुरुषाची भूमिका स्वतःच केली. दुकानातील प्रसंगात नायिकेभोवतीचा आवाज अचानक नाहीसा होतो; येथे भीती निर्माण होते ती काहीही न दाखवता, केवळ ध्वनी काढून घेतल्याने. रात्री उशिराच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणांतून जमलेल्या चाहत्यांमुळे हा चित्रपट १९८९ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) हा क्रम थोडा वेगळा आहे. नारायण धारपांच्या भयकथांचा वारसा सांगणारा आणि १९१८, १९३३ व १९४७ अशा तीन टप्प्यांत एका कोकणी कुटुंबाचा लोभ उलगडणारा हा चित्रपट व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनपट होता. समीक्षकांनी त्याचे कौतुक केले, पण तिकीटबारीवरील पहिला प्रतिसाद बेताचाच राहिला. पुढे घरबसल्या पाहणाऱ्यांनी त्याची कीर्ती वाढवली आणि सप्टेंबर २०२४ मधील पुनर्प्रदर्शनाची कमाई मूळ प्रदर्शनाहून अधिक झाली. येथे बदलला तो समीक्षकांचा निवाडा नव्हे, तर प्रेक्षकांचा.

म्हणूनच अशा चित्रपटाच्या समीक्षकाने दोन चुका टाळायला हव्यात: स्वस्तपणाला निष्काळजीपणा समजणे आणि ‘कल्ट’ ही ख्याती गुणवत्तेचा पुरावा मानणे. निर्मितीतील टंचाईचे शैलीत रूपांतर कोठे झाले आणि कोठे ती केवळ उणीव राहिली, हे दृश्यागणिक तपासणे, तसेच आपण पाहिलेली प्रत कोणती, हे वाचकाला सांगणे, ही या समीक्षेची किमान शिस्त ठरते.